दोन शिवजयंत्या आणि तारखेचा रकाना

आमच्या जुन्नर तालुक्यात शिवजयंती दोनदा येते. एकदा १९ फेब्रुवारीला, तारखेप्रमाणे. त्या दिवशी शिवनेरीवर सरकारी सोहळा असतो, पाळणा होतो, गडाखाली गाड्यांच्या रांगा लागतात. दुसऱ्यांदा फाल्गुन वद्य तृतीयेला, तिथीप्रमाणे. दोन्ही वेळा ज्योत घेऊन अनवाणी धावणारी पोरं रस्त्याने भेटतात. बाहेरगावचे पाहुणे मग हमखास विचारतात, "गुरुजी, यातली खरी कोणती?" दोन्ही खऱ्या, असं मी सांगतो आणि त्यांना वाटतं, म्हातारा वाद टाळतोय.

यंदा हा विषय घरातूनच निघाला. माझी नात पुण्यात एका कंपनीत आहे. एका वेबसाइटची मराठी आवृत्ती करण्याचं काम तिच्याकडे आलंय. शेतकऱ्यांनी अर्ज भरायचे, पावत्या पाहायच्या, अशा स्वरूपाची साइट. तिने मला वाक्यांची लांबलचक यादी पाठवली आणि म्हणाली, "आबा, तुम्ही फक्त मराठी तपासून द्या. आकडे आणि तारखा कॉम्प्युटर आपोआप करतो." माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. शब्द काय, चार लोकांना विचारून ठरतात. आकडा आणि तारीख मात्र नुसती अक्षरं बदलून मराठी होत नाहीत. त्या कोणाच्या मोजणीतल्या आहेत हेही बरोबर न्यावं लागतं. आमच्या जुन्नरच्या दगडांवर आणि कागदांवर हे इतकं स्पष्ट लिहिलेलं आहे की म्हटलं, सविस्तरच लिहावं.

आधी शिवजयंतीचंच घ्या. पूर्वी जन्मतिथी म्हणून वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ मानली जायची, म्हणजे एप्रिल १६२७. पुढे भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी नोंद निघाली. परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी आहे. या तिथीची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० आणि शासनाने तीच मान्य केली.

आता गंमत पाहा. वेबवर कोणत्या तारखेला कोणता वार होता ते सांगणारी पानं असतात. नातीला म्हटलं, १९ फेब्रुवारी १६३० टाक. उत्तर आलं, मंगळवार. शकावली म्हणते शुक्रवार. मग जेधे चुकले की कॉम्प्युटर चुकला?

कुणीच चुकलं नाही. १५८२ साली पोप ग्रेगरींनी पंचांगातले दहा दिवस गाळले आणि आज आपण वापरतो ती दिनदर्शिका सुरू झाली. पोर्तुगीजांनी ती लगेच उचलली. इंग्रजांनी मात्र १७५२ पर्यंत जुनीच धरून ठेवली. आपल्या इतिहासकारांनी काढलेली १९ फेब्रुवारी ही जुन्या पद्धतीची तारीख आहे. नव्या पद्धतीने तो दिवस १ मार्च १६३० येतो, आणि १ मार्च टाकून पाहिलं तर वार येतो शुक्रवार! म्हणजे शिवनेरीवर तो जन्म झाला त्या दिवशी गोव्याच्या पोर्तुगीजाच्या वहीत १ मार्च होता आणि सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजाकडे १९ फेब्रुवारी. आणखी एक. इंग्रजांचं वर्ष त्या काळी २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे त्यांच्या रीतीने साल अजून १६२९ च होतं. दिवस एकच, सूर्य एकच, वहीत मात्र तिघांची तीन वेगळी नावं.

तिथीचंही सोपं नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे आपली फाल्गुन वद्य तृतीया तिकडे चैत्र कृष्ण तृतीया होते. आग्र्याला शिवजयंती तिथीने करायची ठरवली तर स्थानिक पंचांगात फाल्गुन शोधणारा माणूस महिनाभर चुकेल.

नातीला हे ऐकवलं तेव्हा तिने मला तिच्या यंत्राचं पोट उघडून दाखवलं. युनिकोड कन्सॉर्शियम नावाची संस्था आहे. जगातल्या लिप्यांची अक्षरं कॉम्प्युटरमध्ये कशी साठवायची हे ती ठरवते. तिचंच कॉमन लोकेल डेटा रिपॉझिटरी नावाचं मोठं भांडार आहे. त्यात भाषागणिक महिन्यांची नावं, वारांची नावं, संक्षेप, आकडे कसे लिहायचे, स्वल्पविराम कुठे द्यायचा, सगळं भरून ठेवलेलं असतं. मराठीची खूण एम आणि आर ही दोन अक्षरं. प्रोग्राम तारीख आपल्या पोटात वर्ष-महिना-दिवस अशी एकाच ठरावीक रूपात ठेवतो आणि दाखवताना ज्याची जी भाषा तो पोशाख चढवतो. मराठीसाठी १२,३४,५६७ असा लाखाच्या हिशेबाने स्वल्पविराम पडतो आणि आकडे देवनागरी येतात. हिंदीसाठी मात्र तेच भांडार आपणहून इंग्रजी आकडे देतं. (राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात संघराज्याच्या कामकाजासाठी आकड्यांचं आंतरराष्ट्रीय रूप सांगितलंय, ते हिंदीच्या अंगवळणी पडलं असावं. आपल्या मराठीने देवनागरी आकडे सोडले नाहीत याचा मला आनंद आहे, एवढं म्हणून पुढे जातो.)

त्याच भांडारात भारतीय पंचांग म्हणून एक पर्याय आहे. नातीला वाटलं, हे घेतलं की तिथीचा प्रश्न मिटला. पण ते मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेलं आणि २२ मार्च १९५७ पासून लागू झालेलं राष्ट्रीय सौर पंचांग आहे. त्यात चैत्र १ ही २२ मार्चला येते, लीप वर्षी २१ ला. पाडवा असो वा नसो. आपल्या राज्याच्या राजपत्रावर याच पद्धतीची तारीख छापलेली असते. चैत्र, फाल्गुन ही नावं तीच, शकही तोच, पण हा चैत्र म्हणजे देवळातल्या पंचांगाचा चैत्र नव्हे. नाव सारखं असलं की माणूस जास्त फसतो.

आता जरा घाटाकडे चला. जुन्नरहून पश्चिमेला घाटघरच्या पुढे नाणेघाट. दगडी रांजण आणि अंगठ्यासारखा सुळका सगळ्यांनी पाहिलाय. पण तिथल्या लेण्याच्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ किती केले, दक्षिणा काय दिली त्याचा हिशेब. गायी १७००, कार्षापण नाणी २४,४०० अशा रकमा त्यात आहेत आणि त्या आकड्यांत लिहिल्या आहेत. पण शून्य नाही आणि एकं-दहं-शतंची स्थानंही नाहीत. हजाराची खूण वेगळी, शंभराची वेगळी. सातशे लिहायचे तर शंभराच्या खुणेला सात जोडायचा. २४,४०० साठी वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन खुणा ओळीने. आपल्या अंकांच्या इतिहासात या लेखाला फार मोठं स्थान आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तो वाचला नसता तर आज आपल्याला तिथे नुसत्या रेघोट्या दिसल्या असत्या. कारण तिथली प्रत्येक खूण ओळखू आली तरी रक्कम कळत नाही. जोडायच्या कशा, ही रीत ठाऊक असावी लागते.

जुन्नरच्या लेण्यांत यवनांचेही लेख आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा तिकडून आलेले. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी म्हणजे टाकी दान दिल्या, असं एक लेख सांगतो. त्या इरिलाचं मूळ नाव काय होतं देव जाणे. आपल्या माणसांनी ते प्राकृतात बसवलं आणि षष्ठीचा प्रत्ययही लावला. मला मात्र त्या लेखातला 'बे' हा शब्द भारी आवडतो. बे पोढी, म्हणजे दोन टाकी. वर्गात 'बे एके बे, बे दुणे चार' म्हणून घेताना एखादा चुणचुणीत पोरगा विचारायचा, गुरुजी, दोन एके दोन का नाही म्हणायचं? त्याचं उत्तर आमच्याच डोंगरात कोरलेलं आहे.

आणि तिसरा लेख मानमोडीचा. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम, याने टाकं आणि मंडप दान दिला. शेवटी तारीख आहे, वर्ष ४६. बस्स. कोणाचं ४६, ते लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याला आणि तेव्हाच्या वाचणाऱ्याला ते उघडच होतं. शकाचं मानलं तर इसवी सन १२४ येतं. काही अभ्यासक म्हणतात ती नहपानाच्याच राज्याची वर्षं, मग काळ मागे सरकतो. चार शब्द जास्त कोरले असते तर अभ्यासकांचे कित्येक लेख वाचले असते. वेबवर ०३/०४/१० अशी तारीख दिसली की मला अयम आठवतो. अमेरिकेत ती ४ मार्च, आपल्याकडे ३ एप्रिल, आणि १० हे साल की दिवस, तेही कळायला मार्ग नाही. म्हणून नातीच्या यादीत मी पहिली लाल खूण केली ती इथे. महिना अक्षरांत लिहा. '३ एप्रिल २०१०' वाचून कुणाचा घोळ होत नाही.

मराठी कागदांत मात्र कोणाची मोजणी ते लिहायची रीत पुढे पक्की झाली. शिवकालीन पत्रांवर सुहूर सन असतो आणि तोही अरबी शब्दांत. 'इहिदे सबैन अलफ' म्हणजे एक, सत्तर, हजार. सन १०७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १६७०-७१. दोन वेगळे आकडे कशासाठी? तर हा सन बदलतो मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात. महंमद तुघलकाच्या काळात, १३४४ साली तो सुरू झाला. हिजरी वर्ष चांद्र, ते ऋतूंतून सरकत जातं आणि सारा गोळा करायला उपयोगी पडत नाही. पेरणी ज्या दिवशी, वर्ष त्या दिवशी. परक्या शब्दांतला हा सन शेतकऱ्याच्या वर्षाला इतका चपखल बसला की तीनचारशे वर्षं टिकला. पेशवाईतल्या पत्रांत तर चांद्र हिजरी महिन्याची तारीखही 'छ' अक्षर घालून देत. वाचणाऱ्याला कोणती मोजणी चालू आहे ते त्या एका अक्षराने कळायचं.

शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाबरोबर १६७४ साली स्वतःचा शक सुरू केला आणि फारसी कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. भाषांतराचं सरकारी खातंच म्हणा ना. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत. पेशव्याला पंतप्रधान म्हटलं, पण लोकांच्या तोंडी राहिला पेशवाच! पुढे १९६० साली राज्याचं भाषा संचालनालय निघालं, त्याच्या कोशांचंही असंच झालं. काही शब्द रुजले, काही फायलीत राहिले. म्हणून नातीने 'तारीख' काढून सगळीकडे 'दिनांक' घातलं होतं ते मी परत फिरवलं. तारीख अरबी असेल, पण कोर्टाची तारीख आणि लग्नाची तारीख आपल्या रक्तात मुरली आहे. तक्त्याच्या वर 'दिनांक' छापा, शोभतो. बटणावर 'तारीख निवडा'.

शब्दांच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच निघाली. इंग्रजी वाक्यात जागा मोकळी सोडून गावाचं नाव भरता येतं. मराठीत नाव जागेवर शिरताना बदलतं. रिकाम्या जागेपुढे 'ला' चिकटवून ठेवलं तर जुन्नरला, मंचरला, ओतूरला इथपर्यंत ठीक. पुढे 'पुणेला' येतं आणि माझ्यातला मास्तर जागा होतो. पुण्याला, बेल्ह्याला, आळ्याला! त्याला उपाय एकच, वाक्यच फिरवायचं. 'ठिकाण: पुणे'. गोडवा जातो, पण चूक राहत नाही. पावतीवरच्या 'अक्षरी रुपये' ची तऱ्हा तशीच. इंग्रजीला पंचवीस-तीस शब्द शिकवले की तो शंभरापर्यंत मोजतो. मराठीत एकोणसाठ, अडुसष्ट, त्र्याहत्तर... शंभरच्या शंभर वेगळे शिकवावे लागतात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकर बाईंची बाजू मला तेव्हाही पटली होती, जोडाक्षरांवर अडखळणारी मुलं मी पाहिलीत. पण पावतीवर कुणी 'सत्तर तीन रुपये' छापलं तर शेतकरी ती परत देईल.

आता जमिनीकडे येतो, कारण इथे चेष्टा संपते. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. गावात बोलतात एकर आणि गुंठे. आर आणि गुंठा यांत शेकडा एकाच्या आसपासच फरक असल्याने बोलण्यात चालून जातं. खरी गोम एकराच्या टिंबात आहे. जुन्या कागदावर १.२० एकर लिहिलं असेल तर ते एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. चाळीस गुंठ्यांचा एकर, ते टिंब दशांशाचं नव्हेच. नातीच्या चाचणीत दोन भावांत निम्मी वाटणी घातली, तर प्रोग्रामने १.२० चे ०.६० केले. गावच्या वाचनाने ते साठ गुंठे होतात. म्हणजे प्रत्येक भावाला पूर्ण रान! खरं उत्तर ०.३०, तीस गुंठे. कॉम्प्युटरचा गुणाकार-भागाकार बिनचूक होता. त्याला टिंब कोणाचं ते कुणी सांगितलं नव्हतं. अशा एका टिंबावरून बांधावर काय काय होतं, ते खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

गट नंबरचंही तेच. १२/३ असा पोटहिस्सा हिशेबाच्या तक्त्यात टाकला की तो आपणहून १२ मार्च होऊन बसतो. आणि गावांची नावं! अवसरी बुद्रुक आणि अवसरी खुर्द ही आमच्या आंबेगाव तालुक्यातली गावं. बुद्रुक म्हणजे फारसी बुजुर्ग, मोठं. खुर्द म्हणजे धाकटं. मराठीत बु. आणि खु. लिहितात, इंग्रजीत बी-के आणि के-एच. इंग्रजी यादीवरून परत मराठी करताना एका साइटवर मी 'अवसरी बीके' वाचलंय. आंबेगावची तर कथाच निराळी. तालुक्याला ज्याचं नाव ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेरी घोडेगावला. यादीत आंबेगाव शोधावं तर पुण्याच्या कात्रजजवळचं आंबेगाव पुढे येतं. माझं एक पार्सल तिकडे आठ दिवस राहून आलंय.

सगळ्यात शेवटी जन्मतारखेचा रकाना. तो मी बराच वेळ बाजूला ठेवला होता. माझी जन्मतारीख कागदोपत्री १ जून. माझ्या बरोबरीच्या निम्म्या गावाची तीच आहे. आई सांगायची, "दिव्याच्या अवसेच्या आदल्या दिवशी, पहाटं, पाऊस लागलेला." म्हणजे आषाढ. पण शाळेच्या जनरल रजिस्टरात तारखेचा रकाना होता, दिव्याच्या अवसेचा नव्हता. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय भरलेलं दिसायला हवं, म्हणून १ जून. मी नोकरीला लागलो तेव्हाही आयाबाया तसंच सांगायच्या. "भूकंपाच्या साली" म्हणजे कोयनेचा, डिसेंबर १९६७. "दुष्काळात" म्हणजे १९७२. "मृग निघाला त्या दिवशी." ही माहिती काही अडाणी नव्हती. ऋतू, नक्षत्र, गावावरचं संकट, सगळं त्यात होतं. इंग्रजी तारखेपेक्षा ती जास्त नेमकीही असे. रकान्यात मात्र ती मावत नव्हती. मृगाचा सुहूर सन जाऊन शाळेची १ जून आली, एवढाच काय तो फरक. आता दर १ जूनला मोबाइलवर शुभेच्छांचे संदेश येतात आणि बायको म्हणते, "झाला का सरकारी वाढदिवस?"

नातीला मी विचारलं, तुमच्या रकान्यात नुसतं साल लिहिता येईल का? ती म्हणाली, नाही, पूर्ण तारीख दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मग दोन तास बसून आम्ही एवढं ठरवलं. आकडे ५ असे टाका की इंग्रजी पद्धतीचे टाका, दोन्ही घ्यायचे. मोबाइल नंबरासाठी कुणाला कीबोर्ड बदलायला लावायचं नाही. महिना अक्षरांत. एकर आणि गुंठे दोन वेगळ्या चौकटींत, मध्ये टिंब नाही. आणि जन्मतारखेखाली एक ओळ, 'तारीख नक्की माहीत नसेल तर फक्त वर्ष लिहा'. ही शेवटची ओळ तिच्या साहेबांनी अजून मान्य केलेली नाही. विमा आणि पेन्शनवाल्यांना पूर्ण तारीख लागते म्हणे.

यादीतलं एक वाक्य तेवढं राहिलंय. तारीख चुकली की पडद्यावर लाल अक्षरांत 'अवैध तारीख' येतं. ऐंशी वर्षांच्या माणसाने जन्मतारीख लिहावी आणि त्याला अवैध म्हणावं, हे मला बरं वाटेना. मी सुचवलंय, 'ही तारीख समजली नाही. कृपया पुन्हा लिहा.' नात म्हणते, वाक्य लांब आहे, मोबाइलच्या चौकटीत बसत नाही. तुम्हाला कुणाला आखूड आणि सभ्य वाक्य सुचलं तर कळवा, तिला पाठवतो.